वशिला नव्हे, ओळख!

तुम्हाला पहिली नोकरी कशी लागली? खरं सांगा हं. जाहिरात वाचून, अर्ज करून, परीक्षा देऊन? की मावशीच्या सोसायटीतले काका म्हणाले, ‘सीव्ही पाठवून दे, बघतो,’ म्हणून? बरेच जण हळूच दुसऱ्या पर्यायावर टिक करतील. त्यात लाजण्यासारखं काहीच नाही. याला वशिला नाही, ओळख म्हणतात. कॉर्पोरेट भाषेत, नेटवर्किंग.

डोंबिवलीत किंवा कोथरूडमध्ये वाढलेल्या मुलाला हे नेटवर्क घरबसल्या मिळतं. शाळेतल्या मित्राचे बाबा बँकेत, क्लासच्या सरांचा भाऊ ऑडिट फर्ममध्ये, गणपती मंडळाचा खजिनदार तर स्वतःच सीए! कुणी कुणाला ‘कनेक्ट’ करत नाही, कारण सगळे आधीपासूनच कनेक्टेड असतात.

आता जरा दुसरा पत्ता घ्या. मुंब्रा. म्हणजे आमचा.

नेटवर्क आमच्याकडेही होतं, बरं का. आम्ही रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान. आजोबा जहाजावर, अब्बा कुवेतला. गावातला एक जण आखातात गेला की त्याच्या मागोमाग मेहुणा, चुलतभाऊ, शेजाऱ्याचा मुलगा... व्हिसा येतच राहायचे. आजची कुठली रेफरल सिस्टीम एवढी फास्ट असेल? मुंबईतल्या मेमन, बोहरी, खोजा या व्यापारी जमातींचं तर विचारूच नका. शिष्यवृत्ती, धंद्याला बिनव्याजी कर्ज, हा सगळा कारभार पिढ्यान् पिढ्या चाललेला. अंजुमन-ए-इस्लाम ही शिक्षणसंस्था मुंबईत १८७४ मध्ये सुरू झाली, बॉम्बे मर्कंटाइल को-ऑपरेटिव्ह बँक १९३९ मध्ये. ‘सिप्ला’ १९३५ मध्ये मुंबईत ख्वाजा अब्दुल हमीद यांनी सुरू केली आणि ‘विप्रो’ची सुरुवात १९४५ मध्ये आपल्या अमळनेरला, महंमद हाशिम प्रेमजींच्या वनस्पती तुपाच्या कारखान्यातून झाली. म्हणजे पैसा, धंदा, हिशोब यांत आम्ही काही नवखे नाही.

मग घोडं अडतं कुठे? तर हे सगळे रस्ते दुकानात, जहाजावर नाहीतर आखातात जातात. बीकेसीच्या काचेच्या इमारतींमध्ये जाणारा रस्ता त्यात नाही. २०१५ मध्ये ‘इकॉनॉमिक टाइम्स’ने मुंबई शेअर बाजारातल्या ५०० मोठ्या कंपन्यांचे संचालक आणि वरिष्ठ अधिकारी मोजले होते. त्यात मुस्लिम निघाले २.६७ टक्के. २०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येत आम्ही १४.२ टक्के आहोत. वर ओळखीचं कुणी नसलं की खालच्याला दार कुठे आहे हेच कळत नाही.

माझ्या धाकट्या भावाचं नेमकं हेच झालं. पठ्ठ्याने सीए इंटर पास केली. घरात पेढे वाटले. आता पुढे काय, तर आर्टिकलशिप. पूर्वी ही तीन वर्षांची असायची, २०२३ च्या नव्या स्कीमपासून दोन वर्षांची आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, परीक्षा कितीही हुशारीने पास करा, कुठल्या तरी सीएच्या हाताखाली ही वर्षं काढल्याशिवाय तुम्ही सीए होत नाही. आणि ही जागा बऱ्याचदा ओळखीतूनच मिळते. अब्बांना कुवेतमधल्या डझनभर कंपन्यांचे फोरमन माहीत होते. मामूंना भेंडीबाजारातले होलसेलर. पण आर्टिकलशिप? ‘म्हणजे उमेदवारी ना? मग त्यात काय, लागेल की!’ एवढंच त्यांना समजलं.

भावाने मेलवर मेल टाकले. उत्तरं नाहीत. एका फर्ममध्ये इंटरव्ह्यू झाला. जीएसटीवरचे प्रश्न झाले, टॅलीवरचे झाले आणि मग साहेबांनी विचारलं, ‘मुंब्र्याला राहता? तिथेच का?’ भाऊ म्हणाला, ‘घर तिथे आहे म्हणून.’ साहेब हसले. ‘कळवतो’ म्हणाले. कळवलं नाही.

आता यात नक्की काय झालं? त्यापेक्षा हुशार मुलगा मिळाला असेल. लोकलचं अंतर लांब वाटलं असेल. किंवा नाव नडलं असेल. सगळ्यात वाईट काय, माहित्येय? ते कधीच कळत नाही. माणूस आरशात बघून स्वतःतच खोट शोधत बसतो.

एकट्या माणसाला जे कळत नाही, ते आकडेवारीला मात्र कळतं. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी खासगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे, फक्त नावं वेगळी असलेले अर्ज पाठवले होते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दलित आणि मुस्लिम नावांना उच्चवर्णीय हिंदू नावांपेक्षा कमी बोलावणी आली. पुढे २०२२ मध्ये ‘लेडबाय फाउंडेशन’ने हाच प्रयोग मुलींच्या बाबतीत केला. ही संस्था मुस्लिम तरुणींना करिअरमध्ये पुढे आणण्यासाठी काम करते. एकच सीव्ही, दोन नावं: प्रियांका शर्मा आणि हबीबा अली. दोघींच्या नावाने हजार-हजार अर्ज गेले. प्रियांकाला २०८ ठिकाणांहून होकारार्थी उत्तरं आली, हबीबाला १०३. निम्मी!

मी मास कॉम करून फ्रीलान्सिंग करते. आमच्या धंद्यात तर ओळखीशिवाय पान हलत नाही. त्यामुळे कुर्ल्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये महिन्यातल्या एका रविवारी मुस्लिम फायनान्सवाले जमतात, असं कानावर आलं तेव्हा मी भावाला म्हटलं, ‘चल, जाऊन तर बघू.’

तो उखडलाच. ‘आपा, मला मुस्लिम सीए नाही व्हायचंय. नुसता सीए व्हायचंय.’

या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच, वेगळा हॉल, वेगळा ग्रुप, वेगळी चटई... आधीच मोहल्ले वेगळे, आता करिअरही वेगळं? मी एकटीच गेले.

हॉलमध्ये तीस-चाळीस जण. चहा, खारी, एसी नाही. भाषणंही नाहीत, हे विशेष. तीन टेबलं होती. एकावर सीव्ही दुरुस्ती, दुसऱ्यावर मॉक इंटरव्ह्यू आणि तिसऱ्यावर ‘काहीही विचारा’. गर्दी अर्थातच तिसऱ्यावर.

‘शुक्रवारच्या नमाजसाठी बॉसला कसं विचारायचं?’ उत्तर: ‘विनवणी करू नका. जॉइन होतानाच स्पष्ट सांगा, लंच त्याच वेळेत घ्या आणि दुपारच्या मीटिंगला वेळेवर हजर राहा.’ ‘हिजाबमधला फोटो सीव्हीवर लावू की नको?’ ‘सीव्हीवर फोटो लागतोच कशाला? ती जागा प्रोजेक्टला दे.’ ‘ऑफिसची पार्टी पबमध्ये असते, जायचं का?’ ‘जा, लाइम सोडा घे, पहिला तासभर थांब. प्रमोशनच्या गप्पा त्या पहिल्या तासातच होतात!’ हॉलमध्ये हशा.

मग एकाने खरा अवघड प्रश्न टाकला. ‘बँकेत नोकरी म्हणजे व्याजाचा धंदा. घरचे म्हणतात, ही कमाई चालत नाही. काय करू?’ इथे कुणीही फतवा काढला नाही. एक जण लोन डिपार्टमेंट सोडून ऑडिटमध्ये गेला होता, त्याने त्याचं सांगितलं. दुसरा म्हणाला, मी बँकेतच आहे आणि मला शांत झोप लागते. तिसऱ्याने इतिहास सांगितला. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती, रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये तो प्रस्ताव पुढे न नेण्याचं ठरवलं. पण शेअर बाजाराने २०१० मध्ये शरियाच्या निकषात बसणाऱ्या ५० कंपन्यांचा निर्देशांक काढला, ज्यात बँका, दारू, तंबाखू यांना जागा नव्हती. म्हणजे व्याजाशी फार संबंध न येता फायनान्समध्ये काम करायचं तर इक्विटी रिसर्च आहे, ऑडिट आहे, टॅक्स आहे. प्रश्न विचारणाऱ्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा होता. त्याला कुणी पापी म्हटलं नव्हतं आणि मागासही म्हटलं नव्हतं. हा प्रश्न तो ऑफिसात विचारू शकत नाही आणि घरी विचारला तर वाद होतो. त्यासाठी असा एखादा हॉलच लागतो.

एका खासगी बँकेत क्रेडिट रिस्क बघणाऱ्या मॅडम भेटल्या. त्यांनी किस्सा सांगितला. २०२५ ची ईद नेमकी ३१ मार्चला आली. म्हणजे इयर एंडिंग! कामाचा डोंगर. शेजारच्या डेस्कवरचा सहकारी म्हणाला, ‘तुम्ही शीरखुर्मा करा, क्लोजिंग मी बघतो. फक्त डबा आणा.’ त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मॅडमनी त्याचं काम सांभाळलं. मी त्यांना भावाचं ते वाक्य सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘बरोबर आहे त्याचं. हा हॉल म्हणजे स्टेशन आहे. इथे गाडी पकडायला यायचं, मुक्कामाला नाही.’

हे मी घरी जसंच्या तसं सांगितलं. भाऊ काही बोलला नाही. पण पुढच्या महिन्यात आला. मागच्या खुर्चीत बसला. मॉक इंटरव्ह्यूत त्याची चांगलीच सालटी निघाली. ‘मेल पाठवून वाट बघत बसू नकोस, सकाळी अकराला फोन कर, पार्टनरचं नाव घेऊन विचार,’ असं त्याला सांगितलं गेलं. आणि पाच फर्मची यादी मिळाली, जिथे या हॉलमधल्या कुणी ना कुणी आर्टिकलशिप केली होती.

चौथ्या फर्मने घेतलं. फोर्टमधली मध्यम आकाराची फर्म. पार्टनर कोण? एक जोशी, एक शाह. बघा म्हणजे! मुस्लिमांच्या ग्रुपने त्याला मुस्लिमांच्या ऑफिसात नाही पाठवलं. जिथे सगळे जातात तिथेच पाठवलं, फक्त दार दाखवून. मुंबईतून सुरू झालेली ‘असोसिएशन ऑफ मुस्लिम प्रोफेशनल्स’ ठिकठिकाणी नोकरी मेळावे भरवते, त्यामागचा फंडाही मला आता वेगळा वाटत नाही. उमेदवार आणि कंपनी एका छताखाली आले की निम्मं काम होतं.

भाऊ आजही आपल्या प्रोफाइलवर या ग्रुपचं नाव लिहीत नाही. मी आग्रहही करत नाही. नाव लिहिल्याने काय होईल हे त्याला ठाऊक नाही, मलाही नाही. ती भीती एका आर्टिकलशिपने जात नसते. पण रविवारी तो मॉक इंटरव्ह्यूच्या टेबलावर बसतो. पलीकडच्या बाजूला. आणि सालटी काढायला तोही कमी करत नाही म्हणे!

मला विचाराल, तर असा ग्रुप चांगला की वाईट हे तपासायची एकच कसोटी. तो माणसाला आत ओढतो की बाहेर सोडतो? जो बाहेर सोडतो, तो नक्की हवा.

आणि तुमच्यासाठी एक छोटासा होमवर्क. तुमच्या ऑफिसात एम्प्लॉयी रेफरल स्कीम असेलच. रेफरल बोनस मिळतो म्हणून आपण पटापट नावं देतो. आतापर्यंत दिलेली नावं एकदा कागदावर लिहा. सगळी एकाच शाळेतली, एकाच आळीतली, एकाच आडनावांची निघाली तर त्यात तुम्ही काही वाईट केलंय असं नाही. ओळख अशीच चालते. फक्त पुढचं नाव देताना कॅन्टीनमध्ये समोर बसणाऱ्या त्या मुलीला विचारा, ‘तुझ्या ओळखीत कुणी आहे का गं?’

तिच्या ओळखीत नक्कीच कुणीतरी असेल. तिला आजवर कुणी विचारलं नसेल, एवढंच.