कणकुंबीच्या माळावरील लुटारू माशी

बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करीत चोर्ला घाटाने गोव्याच्या सत्तरी तालुक्यात उतरणारा रस्ता आमच्या पुष्कळ वाचकांच्या परिचयाचा आहे. कणकुंबीस मलप्रभेचा उगम होतो. घाट ओलांडला की म्हादईचे खोरे लागते. पावसाळा ओसरल्यावर या मुलखातून पायी जाताना आम्ही वाळक्या काड्यांच्या टोकांकडे मुद्दाम पाहतो. तेथे एक लांबट, केसाळ माशी दबा धरून बसलेली असते. हीच लुटारू माशी. उडत्या किड्यावर ती अकस्मात झेप घेते, काटेरी पायांत त्यास जखडते आणि ताठ सोंड खुपसून आत लाळ सोडते. त्या लाळेने भक्ष्य लुळे पडते, त्याचे आतील मांस विरघळते, आणि मग ही स्वस्थपणे तो रस शोषून घेते.

मधाच्या पेट्या बाळगणारे शेतकरी म्हणतात, ‘‘फादर, ही आमच्या माशा नेते, हिला मारलेलीच बरी!’’ तक्रार खोटी नव्हे. परंतु टोळ, भुंगे व गांधीलमाशा यांचाही ती फडशा पाडते. शिवाय जगात या कुळाच्या ७,००० हून अधिक जाती आहेत. तेव्हा दोषी कोण, हे ठरविण्यापूर्वी समोरची माशी कोणती, हे पाहणे न्याय्य होय.

आज गावोगावच्या मुलांच्या हाती छायाचित्र घेणारा फोन आहे. त्याचा येथे उत्तम उपयोग होतो. मात्र पाठीवरून घेतलेले एकच चित्र पुरत नाही. चेहरा समोरून व बाजूने टिपावा. दोन डोळ्यांमध्ये माथ्यावर खळगा आणि तोंडावर राठ केसांची मिशी दिसली, तर ती लुटारू माशी समजावी. नंतर पंखांच्या शिरा स्पष्ट याव्यात. भारतात आढळणाऱ्या प्रोमॅकस व फिलोडायकस या दोन प्रजाती वरवर सारख्या दिसतात. पण पंखाच्या पुढील कडेखाली, टोकाकडे शिरांनी आखलेले कप्पे पहिलीत तीन, तर दुसरीत दोन असतात. शेवटी पोटाचे टोक टिपावे, कारण नर-मादीची खूण तेथेच असते.

एवढे करूनही बहुधा माशीचे आडनाव तेवढे कळते. पाळण्यातले नाव कळत नाही. अनेक जातींचा निर्णय नराच्या जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याविना होत नाही. अशा वेळी ‘प्रोमॅकस, जाती अनिश्चित’ एवढेच लिहावे. मुलांना हे अपुरे वाटते. त्यांना पूर्ण नाव हवे असते. पण अंदाजाने लिहिलेले नाव एकदा नोंदीत शिरले की, या डोंगरात नसलेली जाती येथे आहे असे पुढचा अभ्यासक धरून चालतो. घाटाखालचे म्हादई अभयारण्य १९९९ साली आणि वरचे भीमगड २०११ साली घोषित झाले. अशा मुलखाच्या नोंदी निर्मळ राहाव्यात.

म्हणून वाचकांस आमची सूचना अशी: पेटीपाशी ही माशी दिसली तर लगेच फडके उगारू नका. तिच्या पायांत कोणता किडा आहे, त्याचे चित्र घ्या. शेजारी गाव व तारीख लिहा. हंगामभर अशी वही ठेवली, तर तिने मधमाशा किती नेल्या आणि टोळ किती, याचा हिशेब आपल्याच हाती येईल. तिला शत्रू म्हणावयाचे की नाही, ते त्या वहीवरून ठरवावे.