पाठ कोणाची, पंप कोणाचा?

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या वस्तीतल्या विहार समितीची बैठक झाली. आषाढ पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होणार, रोज संध्याकाळी ग्रंथवाचनाला बायका-मुलं येणार, आणि आवारात गुडघाभर गाजरगवत माजलेलं. जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण पडलेला. ठराव मांडला गेला : वर्गणीतून पाठीवरचा फवारणी पंप घ्यायचा. मग पंप बॅटरीचा की हाताचा, कोणत्या कंपनीचा, पावती कोणाच्या नावाने, यावर अर्धा तास चर्चा झाली. फवारणार कोण, यावर अर्धा मिनिटही झाली नाही. "काकाले सांगू, तो मारून देईन," कोणीतरी म्हणालं आणि विषय संपला.

काका म्हणजे आमच्याच वस्तीतले एक भूमिहीन मजूर. पंचावन्नच्या पुढचे. खरिपाच्या हंगामात ते दुसऱ्यांच्या वावरात फवारणीला जातात. पंप घ्यायचा ठराव होत असताना ते विहाराच्या पायरीवरच बसले होते. त्यांना कोणी विचारलं नाही. मीही नाही. समाजशास्त्रात एम.ए. करून, श्रम आणि जात यावर शिबिरांत भाषणं देऊन, मी मान डोलावली आणि घरी आले.

घरी आल्यावर लाज वाटली. कारण माझे वडीलही असेच 'मारून देणारे' होते.

मी यवतमाळ जिल्ह्यातली. आमच्याकडे कीटकनाशकाला कोणी विष म्हणत नाही, 'औषध' म्हणतात. औषध आणलं का, औषध मारलं का. हा शब्द मला लहानपणी फार आश्वासक वाटायचा. वडील संध्याकाळी घरी यायचे तेव्हा त्यांच्या अंगाला त्या औषधाचा वास असायचा. आई त्यांचा सदरा वेगळा ठेवायची नाही. वेगळा ठेवावा, हे तिला सांगणारं कोणी नव्हतं. आमच्या फ्रॉकांसोबत तोही त्याच बादलीत पडायचा. विहिरीवरून ड्रममध्ये पाणी भरणं, औषध कालवणं हे काम बायकांचं. म्हणजे पंप एकाच्या पाठीवर, पण विष घरभर.

मी आठवीत असताना, सप्टेंबरच्या एका दुपारी वडिलांना वावरातून बंडीवर टाकून आणलं. अंगाला घाम फुटलेला, तोंडातून लाळ, उलट्या, उभं राहिलं की झोक जायचा, बोलताना जीभ अडखळायची. बंडीसोबत आलेला मालकाचा माणूस म्हणाला, "दारू पिऊन पडला असन." माझ्या वडिलांनी पंचशील घेतल्यापासून दारूला हात लावला नव्हता. त्याला ते ठाऊकही असेल. पण त्याच्या डोळ्यांना आमच्या वस्तीतला झोक जाणारा माणूस म्हणजे दारू पिलेलाच दिसत होता. दवाखान्यात डॉक्टरांनी डोळे उघडून पाहिले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. त्यांनी लगेच अ‍ॅट्रोपिन सुरू केलं. वडील वाचले. पुन्हा त्यांनी पंप उचलला नाही, गवंड्याच्या हाताखाली गेले. पण 'दारू पिऊन पडला' हे वाक्य गावात कितीतरी वर्षं फिरत राहिलं.

ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं शरीरातलं कोलिनेस्टरेज हे एन्झाइम अडवतात. मज्जातंतूंचे संदेश थांबायचे ते थांबत नाहीत, म्हणून घाम, लाळ, उलटी, झोक, शेवटी श्वास कोंडणं. हे मी फार उशिरा वाचलं. वाचलं तेव्हा पहिल्यांदा रडले. आजारी माणूस आणि झिंगलेला माणूस यांतला फरक दोन बाहुल्या पाहून कळतो. पण त्यासाठी आधी त्या माणसाच्या डोळ्यांत पाहायची तयारी लागते.

2017 साली याच जिल्ह्याचं नाव देशभर झालं. त्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. पऱ्हाटी त्या वर्षी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती. खाली फवारायचं ते डोक्यावर फवारलं गेलं आणि तोंडावर उडालं. बोंडअळीच्या भीतीने दोन-दोन औषधं एकत्र कालवली जात होती. सरकारने विशेष तपास पथक नेमलं, चर्चा झाल्या, आणि फिरून फिरून बोट एकाच दिशेला वळलं : मजुराने हातमोजे घातले नाहीत, मास्क लावला नाही, निष्काळजीपणा केला. माझ्या वडिलांच्या वेळी 'दारू', आता 'निष्काळजीपणा'. शब्द सुधारला, नजर तीच राहिली.

जरा हिशेब करू. साधा पंप सोळा लिटरचा. सोळा लिटर पाणी म्हणजे सोळा किलो, त्यात रिकाम्या पंपाचं वजन चार-पाच किलो. पाठीवर वीस किलो. वाढलेल्या पऱ्हाटीला एकरी दोनशे लिटर पाणी धरलं तर बारा-तेरा वेळा भरायचा, बारा-तेरा वेळा उचलायचा. डावा हात दांडा मारत राहणार, उजवा नळी फिरवत. वर ऑगस्ट-सप्टेंबरची उकाड्याची ऊन. त्यात प्लॅस्टिकचा अंगरखा घातला की माणूस आतल्या आत उकडतो. आणि मजुरी पंपावर मोजायची : जितके पंप, तितके पैसे. मग वारा सुटला तरी कोण थांबेल? नोझल तुंबलं तर ब्रश शोधण्यात कोण वेळ घालवेल? ते तोंडाने फुंकलं जातं. याला निष्काळजीपणा म्हणायचं असेल तर तो मजुरीच्या दरातच लिहिलेला आहे.

बाबासाहेबांनी 1936 मध्ये 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये मांडलं की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. माझ्या मते पंप हे त्याचं शेतातलं उदाहरण आहे. कोणता पंप घ्यायचा हे ठरवणारा एक, तो पाठीवर वाहणारा दुसरा. 1942 ते 1946 या काळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कारखान्यातल्या कामगाराच्या आठवड्याला 48 तासांची मर्यादा घालणारा बदल पुढे नेला. वावरातल्या मजुराला आजही तासांचं घड्याळ नाही. 1968 चा कीटकनाशक कायदा आणि 1971 चे नियम आहेत. त्या नियमांत फवारणाऱ्यांसाठीही संरक्षक कपडे, वैद्यकीय तपासणी, प्रथमोपचार, प्रशिक्षण हे सगळं लिहिलेलं आहे. आमच्या वस्तीत फवारणीला जाणाऱ्या एकालाही मी आजवर तपासणीला नेलेलं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी काकांच्या घरी गेले. म्हटलं, "काका, पंप घ्यायला तुम्ही चला. तुम्ही म्हणाल तोच घेऊ." ते हसले. म्हणाले, "तीस वर्षं झाली पोरी, पाठ माही, पंप मालकाचा. आजवर कोणी इचारलं नाही."

दुकानात दुकानदार गुरुजींशीच बोलत होता, कारण पैसे त्यांच्या खिशात होते. इंजिनचा पंप दाखवला. काम झपाट्याने होतं म्हणाला. काकांनी तो उचलून खाली ठेवला. इंजिनामुळे तो रिकामाच जड, आणि त्याचे थेंब इतके बारीक की वाऱ्यावर तरंगत राहतात. मग बॅटरीचा. यात दांडा मारावा लागत नाही, डावा खांदा सुटतो, दाब एकसारखा राहतो. "रोज फवारणाऱ्याले हाच बरा," काका म्हणाले. पण आवारासाठी तो चार महिने कोपऱ्यात पडून राहिला आणि चार्ज केला नाही तर बॅटरी बसते. म्हणून हाताचा. आणि सोळाचा नाही, बारा लिटरचा. "मालक सोळाचा घेते. त्याले कुठं उचला लागते?"

मग त्यांनी तो पाठीला लावला. पट्टे रुंद आणि जाड आहेत का, बारीक पट्टा खांद्यात रुततो. पंपाची पाठीकडची बाजू कण्याला टोचते का. कमरेचा पट्टा आहे का. दुकानदाराला पाणी मागितलं, पंप भरला, झाकण लावून पुढे वाकले, आणि मला म्हणाले, "मागं हात लावून पाय, ओलं झालं का?" झाकणाच्या वॉशरमधून गळणारं औषध आधी पाठीवरूनच अंगात जातं. एक पंप तिथेच नापास झाला. दुसरा घेतला. जादा वॉशर घेतले. नोझल दोन घेतले : कीड-रोगासाठी गोल पोकळ फवारा देणारा, आणि तणनाशकासाठी पसरट पट्टा देणारा, पण तोही सांगून की तणनाशकाचा पंप खरं तर वेगळाच ठेवावा लागतो. कितीही धुतला तरी राहिलेला अंश दुसऱ्या झाडाला जाळतो.

दुकानदाराने तणनाशकाची बाटली पुढे केली. ग्लायफोसेट. 2022 साली केंद्र सरकारने त्याचा वापर फक्त अधिकृत कीड नियंत्रण चालकांपुरता ठेवणारी अधिसूचना काढली, हे मी सांगितलं. तो म्हणाला, "ताई, सगळेच नेतात." काका बाटलीकडे न बघताच म्हणाले, "गवताले जहर कायले पाह्यजे? पाणी पडलं का हातानं उपटते."

आणि तसंच झालं. पहिल्या पावसानंतर, फुलावर यायच्या आत, समितीतल्या सगळ्यांनी हातमोजे घालून गाजरगवत मुळासकट उपटलं. उघड्या हाताने उपटलं तर खाज सुटते, म्हणून मोजे. पंप उरला जास्वंदीसाठी. पाच टक्क्यांचा निंबोळी अर्क केला : बारा लिटरला सहाशे ग्रॅम निंबोळीची भरड, रात्रभर पाण्यात, सकाळी दोनदा कापडाने गाळलेली, त्यात थोडा साबणचुरा. गाळलं नाही तर नोझल तुंबतं.

पण फवारणार कोण? मी ठराव दुरुस्त करायला लावला. समितीतला प्रत्येक जण पाळीने पंप उचलेल. काका शिकवतील, आणि शिकवण्याची त्यांना दिवसाची मजुरी मिळेल. पहिली पाळी गुरुजींची. काकांनी आधी नुसतं पाणी भरून फवारायला लावलं. सकाळी, ऊन चढायच्या आत. वारा पाठीशी ठेवून. फवारा तोंडाच्या उंचीला येणार नाही असा. फवारलेल्या झाडांतून पुढे न जाता, मागे सरकत. नोझल तुंबलं तर मऊ ब्रश आणि पाणी, तोंड कधीच नाही. काम झालं की तीनदा स्वच्छ पाण्याने पंप धुवायचा, ते पाणी विहिरीकडे जाऊ द्यायचं नाही. कपडे वेगळ्या बादलीत. निंबोळीला एवढं कशाला, असं गुरुजी म्हणाले. काका म्हणाले, "हाताले सवय लागली पाह्यजे. उद्या भलतं काही असन तर?"

दोन फेऱ्यांत गुरुजींच्या खांद्यावर लाल वळ उठले. ते बराच वेळ पायरीवर बसून राहिले. मग त्यांनी काकांना विचारलं, "दिवसाला असे किती मारता?" काकांनी आकडा सांगितला. गुरुजी गप्प झाले.

काही जण म्हणतील, विहाराचं आवार वेगळं, वावर वेगळं. बोंडअळीपुढे तुमची निंबोळी किती टिकणार? बरोबर आहे. लहान शेतकरी स्वतःच्याच पाठीवर पंप वाहतो, 2017 मध्ये तोही मेला, हेही खरं. म्हणून माझं भांडण शेतकऱ्याशी नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याच्या पाठीवर वजन आणि अंगावर विष, त्याला निवडीचा आणि नकाराचा हक्क हवा. मजुरी पंपावर नको, दिवसावर हवी. डबा मालकाने फोडून कालवून पुढे करायचा नाही. आधी मजुराला दाखवायचा. डब्यावरच्या तिरक्या चौकोनाच्या खालच्या भागात लाल रंग असेल तर ते सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हे चार रंग वाचता यायला शाळा लागत नाही. बांधावर साबण आणि पाणी हवं. वारा सुटला, पीक डोक्यावर गेलं, की 'आज नाही' म्हणता यायला हवं, आणि म्हटल्यावर उद्याचं काम जायला नको. कोणाला झोक गेला तर दारूचा वास घेत बसू नका. फवारणीचे कपडे काढा, अंग साबणाने धुवा, आणि औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा.

वर्षावासात आपण उपासकांच्या आचरणाबद्दल वाचतो. बुद्धांनी उपासकांना जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले त्यांत विषाचा व्यापार आहे. आपण विष विकत नाही, म्हणून मोकळे होतो. पण ते विकत घेऊन दुसऱ्याच्या पाठीवर ठेवायचं आणि 'मारून देईन' म्हणायचं, याला काय म्हणायचं, ते समितीत बसणाऱ्या आपण शिकलेल्यांनी एकदा ठरवावं.

विहारात आता पंपासोबत एक वही ठेवली आहे. कोणी, कधी, काय फवारलं, हे तिच्यात लिहायचं. पहिल्या पानावर गुरुजींचं नाव आहे, दुसऱ्यावर माझं. या वर्षी काका वस्तीतल्या इतर फवारणी मजुरांना रविवारी विहारात बोलावणार आहेत. विषय त्यांनीच ठरवलाय : पंपाचा दर बंद, रोजाचा दर सुरू. तुमच्या गावातही अशी बैठक होत असेल तर कळवा. आम्ही येऊ.

जय भीम.