नाताळची यादी

नोव्हेंबर सरत आला की नाशिकच्या शरणपूर रोडच्या बाजूला संध्याकाळी पेटीचे सूर ऐकू येऊ लागतात. नाताळच्या तालमी. तालमींच्याही आधी रंगतो तो यादीचा वाद: इंग्रजी कॅरल्स किती आणि भजनं किती? तरुण मुलांना सोप्रानो, आल्टो, टेनर, बास असे चार आवाज बांधायचे असतात. त्यांची ती हौस मला मनापासून आवडते. चारही आवाज नीट जुळले की अंगावर काटा येतो.

खरी कसोटी लागते ती परक्या चालीवर मराठी शब्द बसवताना. ‘प्रभू’ हाच शब्द घ्या. पहिलं अक्षर आखूड. चालीतला लांब स्वर नेमका त्याच्यावर आला, की सगळा कॉयर ‘प्राऽभू’ म्हणतो. मग अर्थ बाजूला राहतो आणि कानात तो ओढलेला आकारच घुमत राहतो.

अशा वेळी कवी ना. वा. टिळकांची थोरवी कळते. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण ओवी-अभंगाचा हात सोडला नाही. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते मानत. त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पुढे नेलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. त्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या, आणि १९३६ मध्ये त्यांनी डोळे मिटले तेही नाशकातच. टिळकांची गीतं ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात आहेत. त्यांत अक्षराला हवी तेवढीच जागा मिळते. शिवाय भजनाची रीत अशी की पुढच्याने ओळ सांगायची आणि मागच्यांनी झेलायची. डोळ्यांनी अधू झालेल्या आजींनाही पुस्तक लागत नाही.

तरुणांना मी एक गोष्ट आवर्जून सांगते. १८१८ च्या नाताळात ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावी ‘सायलेंट नाइट’ पहिल्यांदा गायलं गेलं. गाणारे दोघेच होते, योसेफ मोर आणि फ्रान्झ ग्रुबर. साथीला गिटार, आणि कडव्याच्या शेवटच्या ओळी उचलून धरायला गावातला कॉयर. म्हणजे जगभर गाजलेलं हे कॅरलसुद्धा आपल्या भजनासारखंच, ओळ झेलत गायलं गेलं!

म्हणून माझं मत असं, की चार आवाजांचं गाणं एकच घ्यावं, पण ते महिनाभर घोटावं. मुळातलं इंग्रजीच गावं. घाईत केलेल्या भाषांतरापेक्षा ते बरं. बाकी यादी भजनांची. पट्टी नेहमीपेक्षा एक स्वर खाली धरावी, कारण नाशिकच्या डिसेंबरातल्या गारठ्यात मध्यरात्री गळे चढत नाहीत. आणि टिळकांचं भजन उपासनेच्या अगदी शेवटी ठेवावं, ढोलकी-झांजांसह. तोवर उशिरा आलेली मागच्या बाकांवरची माणसंही स्थिरावलेली असतात, आणि ओळ झेलायला तीच तर हवी असतात.