काळ्या काचेतले दिवे

‘मॅच बघायची खोली करून द्या,’ असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाच्या मनात बहुतेक वेळा थिएटर असतं. गडद भिंती, काळोख, भिंतभर पडदा. पुण्यात 22 वर्षं मी घरांची वायरिंग आणि दिव्यांची कामं करतो आहे, आणि या मागणीला पहिल्याच भेटीत नाही म्हणतो. सिनेमा माणूस एकटा बघतो, शेजारी कितीही जण बसलेले असोत. मॅच तशी बघतच नाहीत. झेल सुटला की आपण आधी शेजारच्याच्या तोंडाकडे बघतो. 1983ची लॉर्ड्सवरची फायनल माझ्या वडिलांनी चाळीतल्या एकुलत्या एक टीव्हीवर, सतरंजीवर दाटीवाटीने बसून पाहिली. ते कपिलदेवच्या झेलाइतकंच त्या खोलीतल्या माणसांबद्दल बोलायचे. तिथे कुणी दिवे मालवले नव्हते.

तेव्हा मॅचच्या खोलीत दोन गोष्टी दिसल्या पाहिजेत, चेंडू आणि माणसं. सगळं काम या दोन्हींचं भांडण मिटवण्याचं आहे.

चेंडू किती लहान असतो याचा हिशेब मी गिऱ्हाइकाला कागदावर मांडून दाखवतो. 65 इंची टीव्हीचा पडदा साधारण 144 सेंटिमीटर रुंद. सीमारेषेकडे जाणारा फटका दाखवताना पडद्यावर 60 मीटर मैदान मावलं असेल, तर सव्वासात सेंटिमीटरचा खरा चेंडू तिथे पावणेदोन मिलिमीटरचा होतो. बाजरीच्या दाण्याएवढा. त्या दाण्यावर खोलीतल्या एखाद्या बल्बचं प्रतिबिंब पडलं की चेंडू गेला.

कोथरूडच्या एका घरात नेमकं हेच झालं होतं. नवाकोरा 65 इंची टीव्ही, आणि आजोबा म्हणत होते, चेंडू दिसत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, वय अठ्ठ्याहत्तर. घरच्यांनी दोष डोळ्यांवर टाकला होता. मी टीव्ही बंद केला आणि संध्याकाळी साडेसातला आजोबांच्या खुर्चीत जाऊन बसलो. समोरच्या काळ्या काचेत पाच उजेड दिसले: गॅलरीचं दार, छतातले दोन डाउनलाइट, स्वयंपाकघरातली ट्यूब आणि देवघरातला लाल बल्ब. सोफ्यावर बसलं तर त्यातले दोनच दिसत होते. म्हणून बाकीच्यांची तक्रार नव्हती.

उजेड काचेवरून कॅरमच्या सोंगटीसारखा परततो, ज्या कोनात आपटला त्याच कोनात. म्हणून दिवा कुठे लावायचा हे छताचा नकाशा ठरवत नाही, बसायच्या जागा ठरवतात. आम्ही टीव्ही बाजूच्या भिंतीवर नेला, गॅलरीला जाड पडदा केला, डाउनलाइट वेगळ्या बटणावर घेतले आणि सोफ्याच्या दोन्ही बाजूंना, काचेत न दिसणारे, 2700 केल्विनचे मंद दिवे ठेवले. त्या पिवळसर उजेडात माणसांचे चेहरे चांगले दिसतात.

टीव्हीच्या मागे मात्र पिवळा उजेड चालत नाही. तिथे पांढरी पट्टी लागते, 6500 केल्विनची, कारण पडद्यावरचा पांढरा रंग त्याच मापाला धरून ठरवलेला असतो. मागची भिंत पिवळी दिसली की खेळाडूंचे पांढरे कपडे निळसर वाटू लागतात. पट्टीची प्रखरता पडद्याच्या साधारण एक दशांश ठेवायची. अंधारात एकच झगझगीत चौकोन बघून डोळे शिणतात, ते यामुळे थांबतं. 65 इंचीला तीन बाजूंनी मिळून 3 मीटर पट्टी पुरते. टीव्हीच्या यूएसबीवर चालणारी 5 व्होल्टची पट्टी या लांबीला शेवटाकडे मंद पडते. मी 24 व्होल्टची आणि चांगला ड्रायव्हर घेतो. मोबाइलचा कॅमेरा रोखल्यावर उजेडात काळे पट्टे सरकताना दिसले, तर तो माल मी परत करतो.

पडद्यातल्या रंगांप्रमाणे बदलणारे दिवे हल्ली सगळ्यांना हवे असतात. सिनेमाला ते शोभतात. क्रिकेटला मी लावत नाही. सहा-सात तास भिंत हिरवी राहते आणि त्या हिरव्यात माणसांचे चेहरे आजारी दिसतात. विकेट पडली की लाल होणारा दिवाही मागतात. ऑनलाइन प्रक्षेपण बरेच सेकंद मागे असतं आणि धावसंख्येचा निरोप बऱ्याचदा त्याच्या आधी पोचतो. गोलंदाज अजून धावत येतोय आणि दिव्याने विकेट सांगून टाकली, तर त्या खोलीत बघायला काय उरलं?

पडदा निवडताना लोक इंच विचारतात. मी आधी विचारतो, दिवाणावर कोण बसतं? काही एलईडी पडदे समोरून सुरेख काळे दिसतात आणि बाजूने पाहिलं की फिके पडतात. घरात माणसं पसरून बसत असतील तर आयपीएस जातीचा पडदा बरा. ओएलईडी सगळ्या बाजूंनी उत्तम, पण जिथे दिवसभर बातम्यांची पट्टी एकाच जागी सरकत असते तिथे तिचा ठसा उमटण्याची भीती, म्हणून मी तो सुचवत नाही. 65 इंचीसमोर साडेआठ-नऊ फुटांवर बसावं. दुकानातला भडक मोड घरी आल्याबरोबर बंद करावा. हालचाल गुळगुळीत करणारी सोयसुद्धा. टीव्ही दोन चित्रांच्या मधलं चित्र स्वतः रचतो, आणि एवढासा वेगवान चेंडू गर्दीच्या पार्श्वभूमीवर त्याला सापडत नाही. चेंडू मध्येच पुसला जातो किंवा त्याला शेपूट फुटतं. कोथरूडला आजोबांच्या तक्रारीचा अर्धा भाग हाच होता.

राहता राहिला ‘स्मार्ट’पणा. भिंतीवरचं बटण बंद झालं की स्मार्ट बल्ब मुका होतो, आणि घरातली आजी बटणच बंद करणार. तो तिचा हक्क आहे. म्हणून मी हुशारी बल्बात ठेवत नाही, बटणामागे बोर्डात बसवतो. आपल्याकडे बोर्डातच सॉकेट असल्यामुळे न्यूट्रल बहुधा तिथवर आलेली असते, भिंत फोडावी लागत नाही. आणि वीज जाऊन आली की दिवे आधीच्याच स्थितीत यावेत, हे नेमून ठेवतो. नाहीतर शेवटच्या षटकात सगळी खोली पांढरीफटक होते.

29 जून 2024च्या रात्री सूर्यकुमारने सीमारेषेवर डेव्हिड मिलरचा झेल घेतला. दुसऱ्या दिवशी कोथरूडहून आजोबांचा फोन आला. चेंडू आत उडवला, दोरीबाहेर पाऊल टाकलं, परत येऊन धरला, हे सगळं त्यांनी मला क्रमाने सांगितलं आणि मग म्हणाले, ‘पहिल्याच वेळी दिसला. रिप्ले नाही लागला.’

नवा टीव्ही घ्यायला निघण्याआधी, आहे तो बंद करा. संध्याकाळी, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या खुर्चीत बसा आणि काळ्या काचेत किती दिवे दिसतात ते मोजा.