थांबलेला ढग

वळीव म्हटलं की लोक वाऱ्याची आणि गारांची चौकशी करतात. मी मात्र सकाळी साडेपाचच्या हवामान-बलूनची नोंद उघडतो आणि आधी तीन ते सहा किलोमीटर उंचीवरचा वारा बघतो. ढगाला ढकलणारा वारा तोच. तो पडलेला असेल आणि हवा खालपासून वरपर्यंत दमट असेल, तर त्या दिवशी माझं जेवणात लक्ष लागत नाही. एप्रिलचा वळीव खालच्या कोरड्या हवेत बराचसा विरून जातो, त्याचा दणका वाऱ्याचा. मान्सूनच्या तोंडावरचा वळीव पाण्यानं जड असतो.

रडारच्या पडद्यावर नवख्याची नजर सर्वांत उंच माथ्याकडे जाते. माझीही जायची. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका संध्याकाळी माथा खाली येताना दिसला आणि ‘जोर ओसरतोय’ असं लिहून मी मोकळा झालो. पाऊस काही थांबेना. मग कळलं, जुन्या ढगातून खाली उतरलेली थंड हवा पश्चिमेकडच्या उबदार, दमट हवेखाली घुसत होती आणि तिला वर उचलत होती. एक ढग पूर्वेला सरकला की मागे त्याच जागी दुसरा उभा राहायचा. ढग चालत होते, पाऊस मात्र जागचा हलत नव्हता. त्या दिवसापासून मी उंचीआधी चाल मोजतो. गेल्या अर्ध्या तासात पावसाचा गाभा किती किलोमीटर सरकला, आणि त्याच्या खाली कोणता ओढा आहे?

हा दुसरा प्रश्न मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. दहा चौरस किलोमीटरच्या पाणलोटावर 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे शंभर कोटी लिटर पाणी. दिवसभरात पडलं तर जमीन त्यातलं काही पिऊन घेते. दीड तासात पडलं, त्यात वर सिमेंट आणि डांबर असलं, तर ते सगळं ओढ्याच्या एका मोरीशी येऊन उभं राहतं.

अमेरिकेतल्या कोलोरॅडोत 31 जुलै 1976 च्या संध्याकाळी बिग थॉम्प्सन नदीच्या दरीवर असाच ढग थांबला. खालून पूर्वेचा दमट वारा डोंगर चढत होता, आणि वर ढगाला पुढे नेण्याइतका वारा नव्हता. चारेक तासांत काही ठिकाणी 300 मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. राज्याच्या शताब्दीची सुट्टी होती, दरी पाहुण्यांनी भरलेली होती. 144 माणसं गेली, त्यांतली कितीतरी गाड्यांत बसून पळताना. दरीच्या खालच्या अंगाला तर पाऊस फारसा नव्हताच, मग पुराची कल्पना तरी कशी यावी? आज तिथल्या रस्त्यांवर पाट्या आहेत: पूर आला तर उंचावर चढा.

पुण्यात 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढा वस्त्यांत शिरला. पाणी कात्रजच्या बाजूनं उतरलं, भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या, माणसं दगावली. अशा वेळी आम्ही देतो तो नाऊकास्ट, म्हणजे अगदी लगेचचा अंदाज, तीन तासांपुरता असतो. ओढ्याकाठच्या घराला त्यातला अर्धा तास मिळाला तरी पुष्कळ.

म्हणून ओढ्याकाठी राहणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. डोक्यावर पाऊस नसला तरी डोंगराकडे एकाच जागी वीज चमकत राहिली, तर सावध व्हा. पाण्याचा आवाज बदलला, तर खालची गाडी काढायला उतरू नका. शेजाऱ्यांना हाक मारा आणि त्यांना घेऊन वरच्या मजल्यावर जा.