रिकामी घरे

शिक्षकाच्या हातात सरकारने खडूबरोबर पाहणीचा तक्ताही दिलेला आहे. मुलांची मोजणी संपली की माणसांची, माणसांची संपली की घरांची. अशाच एका पाहणीवर अक्राणीच्या डोंगरात हिंडत असताना एका अंगणात मी थबकलो. पुढे सरकारी घरकुल. पक्क्या भिंती, वर स्लॅब, दाराला कुलूप. मागे कुडाच्या भिंतींचे, नळीच्या कौलांचे जुने ऐसपैस घर, आणि सारे बिऱ्हाड त्यातच. घरधनी शेतावर गेला होता. तक्त्यात 'वापरात आहे' आणि 'वापरात नाही' असे दोनच रकाने. मी दुसऱ्यात खूण केली आणि डोंगर उतरलो.

'नाही' लिहायला कष्ट पडत नाहीत. पण वाटेत ते मला बोचू लागले. त्याला कारण माझे मामा. ते गिरणीत होते आणि वरळीच्या बी. डी. डी. चाळीत राहत. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भाचरे तिथे जात असू. खोली एकशेसाठ चौरस फुटांची. रात्री निम्मे बिऱ्हाड मधल्या बोळात पथाऱ्या टाकी. अशा वेळी मामा म्हणत, "अरे, एके काळी या खोल्या ओस पडल्या होत्या. भाडेकरू मिळत नव्हते!" आम्हांला हसू येई. मुंबईत रिकामी खोली म्हणजे वैशाखात ओढ्याला पूर!

मोठेपणी वाचले तेव्हा कळले, मामा खोटे बोलत नव्हते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, आणि कोंदट वस्त्यांचा बंदोबस्त करण्यासाठी १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याने रुंद रस्ते केले, हवेशीर वस्त्या आखल्या. परंतु आरंभीच्या काळात त्याने पाडले पुष्कळ आणि उठवलेल्या गरिबांसाठी बांधले थोडे. मग १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत 'डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' आले. कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसला. त्या गाठींत आमच्या खानदेशातल्याही काही असतील. संकल्प ५०,००० खोल्यांचा होता. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी उठल्या, खोल्या सोळा हजारांवर झाल्या, आणि काम थांबले. झालेल्या खोल्यांतल्याही हजारो कितीतरी दिवस रिकाम्या राहिल्या. भाडे मजुराला जड, आणि वरळी त्या काळी कामापासून लांब. सविनय कायदेभंगाच्या दिवसांत तर वरळीच्या काही चाळींचा तुरुंगच झाला!

तेव्हाच्या एखाद्या पाहणीदारानेही तक्त्यात 'नाही'च लिहिले असेल. आणि पुढे? कोकणातली, घाटावरची माणसे आली, दलित कुटुंबे आली. त्याच खोल्यांत तीन-तीन पिढ्या वाढल्या. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने मुंबई गृहनिर्माण मंडळ झाले, १९७७ मध्ये म्हाडा आली. तिच्या नाशिक मंडळाच्या हद्दीत आमचा नंदुरबार जिल्हाही येतो. जुन्या चाळी पाडून नवे मनोरे बांधण्याचे कामही म्हाडाकडेच आले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. मामा तो दिवस पाहायला उरले नव्हते.

पुढल्या रविवारी मी पुन्हा डोंगर चढलो. घरधनी अंगणातच होता. "या गुरुजी," म्हणून त्याने खाट टाकली. मी घरकुलाकडे बोट दाखवले. त्याने कमरेची किल्ली काढून कुलूप उघडले. आत बियाण्याची पोती, वर टांगलेली मक्याची कणसे. आणि कोपऱ्यात सतरंजी, दप्तर, डोक्यावर एक दिवा.

"पोरगी इथं अभ्यास करते, गुरुजी. दहावीला आहे. तिकडं गुरं, धूर, बारकी पोरं. वैशाखात इथं दिवसा बसवत नाही, स्लॅब तापतो. पण रात्री दिवा आहे, दार लागतं."

"बांधायच्या वेळी कोणी विचारलं होतं, घर कसं हवं म्हणून?"

"विचारलं ना," तो हसून म्हणाला, "आधार कार्ड विचारलं."

मीही हसलो, पण मला कुठे हसण्याचा अधिकार होता? मी तर तेवढेही न विचारता खूण केली होती. घरे बांधणाऱ्यांनी शंभर वर्षे खोल्या मोजल्या, हे खरे. पण मोजणारा हात पुष्कळदा माझ्यासारख्याचाच असतो.

तक्ता अजून माझ्याच पिशवीत होता. खाटेवर बसून मी 'नाही' खोडले आणि 'आहे' केले. कशासाठी, ते लिहायला रकाना नव्हता. म्हणून समासात बारीक अक्षरांत लिहिले : 'मुलीचा अभ्यास. बियाणे.' वर कोणी ते वाचील असे नाही. खाडाखोडीबद्दल खुलासा मात्र मागवला जाईल. तो मी वर दिला आहे.