सेल्फ लागतो, पण गाडी सुरू होत नाही



आपल्या मंडळींत जुनी गाडी जपणारे बरेच आहेत, म्हणून हा विषय. "गाडी बंद पडली" असं सगळेच म्हणतात. पण पेशंट "बरं वाटत नाही" म्हणाला की लगेच औषध देता येत नाही, आधी नीट विचारपूस करावी लागते. सारा जन्म वॉर्डात गेल्यामुळे आम्हांला ती सवयच लागली आहे. चावी फिरवल्यावर नुसता टक् आवाज आला किंवा इंजिन मरगळल्यासारखं फिरलं, तर बॅटरी आणि तिच्या वायरी पाहाव्यात. पण इंजिन जोमाने फिरतंय आणि तरीही पकडत नाही, तर दुखणं दुसरीकडे आहे.

आमची छोटी गाडी 1986 सालची, कार्बोरेटरवाली. गेल्या नोव्हेंबरात पाऊस लागला आणि ती सकाळी सुरू होईना. दिवसही नेमका इंजेक्शनचा. आमच्या मिस्टरांना डोळ्याच्या पडद्याचा विकार आहे आणि ही इंजेक्शनं चुकवून चालत नाहीत. त्या दिवशी टॅक्सी केली. एका गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच सांगितलं, "भंगारात काढा." मुलगाही फोनवर म्हणाला, "आई, या वयात कशाला तो व्याप?" पण आमच्या गावाहून हॉस्पिटलला थेट बस नाही. गाडी गेली म्हणजे प्रत्येक वेळी कुणाला तरी विनवायचं. तेव्हा आम्ही दोघांनी ठरवलं, आधी निदान करू, मग काय ते बघू.

पेट्रोलच्या इंजिनाला पेट्रोल, ठिणगी आणि दाब लागतो, आणि तेही योग्य वेळी. इंजिन नेहमीपेक्षा हलकं आणि भरभर फिरत असेल तर टायमिंगचा पट्टा तुटल्याची शंका घ्यावी आणि पुन्हा सेल्फ मारू नये. आमचा आवाज नेहमीसारखाच होता. टाकीत पेट्रोलही होतं. (काट्यावर विसंबू नये, जुने काटे खोटं बोलतात.)

मग एक प्लग काढला. कोरडा असता तर पेट्रोल पोचत नाही, म्हणजे पंप, फिल्टर, नळी किंवा कार्बोरेटरमधला कचरा पाहावा लागला असता. आमचा प्लग ओला होता आणि पेट्रोलचा वास येत होता. म्हणजे पेट्रोल येत होतं, ते जळत नव्हतं. चोक जास्त ओढून प्लग ओले झाले असतील तर चोक बंद करून, पाय पूर्ण दाबून सेल्फ मारतात. तेही करून पाहिलं, उपयोग झाला नाही.

पुढची पायरी ठिणगीची. तिथे सांडलेलं पेट्रोल नसावं, हातात इन्सुलेटेड पक्कड असावी, आणि पेसमेकर असणाऱ्यांनी यात मुळीच हात घालू नये. प्लगचं लोखंड इंजिनला टेकवून मिस्टरांना चावी फिरवायला सांगितली. ठिणगी नाही. मग कॉइलहून येणारी जाड वायर तशीच इंजिनच्या लोखंडाजवळ धरली, तर निळी, कडक ठिणगी! म्हणजे कॉइल आणि पॉइंट ठीक. करंट वाटेत, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत हरवत होता. टोपी काढली तर आत दव साचलेलं आणि पेन्सिलीने ओढावी तशी बारीक काळी रेघ. त्या चिरेतून ओलाव्याच्या दिवशी करंट पळून जायचा. नवी टोपी आणि रोटर टाकला, आणि गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. खर्च टॅक्सीच्या एका फेरीहून कमी.

हे दुखणं काही नवं नाही. 1959 साली इथे निघालेल्या मिनी गाडीचा डिस्ट्रिब्युटर पुढच्या जाळीमागेच असे. पावसात तो भिजू नये म्हणून लोक त्यावर भांडी घासायचा रबरी हातमोजा चढवत आणि कापलेल्या बोटांतून वायरी बाहेर काढत. आपल्या मुंबईतही पावसाळ्यात फियाट टॅक्सीवाले बॉनेट उघडून कोरड्या फडक्याने टोपी पुसताना लहानपणी पाहिलेत. त्याच फियाटची पुढे पद्मिनी झाली, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून ती टॅक्सीही गेली.

इस्रायलमधल्या वाचकांचा त्रास उलटा असेल. कडक उन्हात नळीतच पेट्रोलची वाफ होते. अशा वेळी इंजिन थंड होईपर्यंत थांबावं. इथल्यांसाठी आणखी एक: सप्टेंबर 2021 पासून साध्या पेट्रोलमध्ये 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबरी नळ्या खराब करतं, म्हणून जुन्या गाडीत सुपर भरावं. आणि 1998 नंतरच्या गाड्यांत चोरीरोधक इमोबिलायझर असतो. त्याचा दिवा लुकलुकत राहिला तर आधी दुसरी चावी लावून पाहावी.

काही झालं तरी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये, मध्ये विसावा द्यावा. नाहीतर एका दुखण्यात बॅटरीचं दुसरं दुखणं.

सत्तरीनंतर इथे दर तीन वर्षांनी लायसन्स नवं करावं लागतं. माझी नजर आणि पाय साथ देत नाहीत असं दिसेल, त्या दिवशी आम्ही दोघं मिळून गाडी सोडू. तोवर दर महिन्याला इंजेक्शनला आम्ही आमच्याच गाडीने जातो, आणि वाटेत शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनाही त्यांच्या क्लिनिकला सोडतो.